मदत हवी आहे: द्राक्षबागेतल्या मोरचुदाचे स्फटिक हिरवट येताहेत

नमस्कार. मी तासगाव तालुक्यात (जि. सांगली) अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकात अशुद्ध क्षाराचं स्फटिकीभवन असतं. बऱ्याच ठिकाणी बाटलीतल्या शुद्ध मोरचुदात (कॉपर सल्फेटमध्ये) चिमूटभर माती कालवून तोच 'अशुद्ध नमुना' म्हणून मुलांपुढे ठेवतात. मला ते पटत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे. दावण्यावर (द्राक्षावरचा बुरशीरोग, डाऊनी मिल्ड्यू) बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) मारायचा म्हणून मोरचूद घरात असतोच. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, हे प्रमाण पोरं झोपेतसुद्धा सांगतील. म्हणून यंदा घरी उरलेला मोरचूदच आणायला सांगितला.

१०० मिली पाण्यात ७० ग्रॅम मोरचूद, विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब, उकळीच्या जवळ नेऊन गरम असतानाच गाळला. माती, काड्या, गोणपाटाचे धागे गाळणपत्रावर राहिले. रात्रभर झाकून ठेवल्यावर बहुतेक गटांना सुंदर निळे खडे मिळाले. दोन गटांचे खडे मात्र हिरवट आले. ते पुन्हा विरघळवून स्फटिक काढले, तर छटा फिकी झाली, पण गेली नाही.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, स्फटिक म्हणजे शुद्ध असं शिकवलंत, मग हा हिरवा का?" तिला नेमकं उत्तर द्यायचं आहे आणि तो नमुना शुद्ध करूनही दाखवायचा आहे. 'बाजारातून चांगला मोरचूद आणा' एवढा सल्ला नको. शाळेच्या प्रयोगशाळेत जमेल असा मार्ग हवा.

प्रतिसाद १
मॅडम, त्यात लोह असणार, म्हणजे हिराकस (हिरवट फेरस सल्फेट). विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे. थंड होताना बहुतेक अशुद्धी पाण्यात मागे राहतात, कारण त्यांचं प्रमाण इतकं कमी असतं की त्यांचं द्रावण संपृक्तच होत नाही. हिराकस तसा मागे राहत नाही. लोहाचे आयन तांब्याच्या जागी बसू शकतात, म्हणून मिश्र स्फटिक तयार होतात. अशा वेळी नुसतं पुन्हा पुन्हा स्फटिकीभवन करून लोह कमी होतं, संपत नाही.

आधी खात्री करा. थोडं द्रावण परीक्षानळीत घेऊन अमोनिया भरपूर घाला. तांबं गडद निळ्या रंगात विरघळतं. लोह असेल तर तळाशी मळकट हिरवा, हवा लागल्यावर तपकिरी होणारा साका राहतो.

प्रतिसाद २
मी मिरजेकडचा बागायतदार. त्या दोन घरांत मोरचूद पत्र्याच्या डब्यात होता का, विचारा. आम्ही मोरचूद लोखंडी बादलीत कधी भिजवत नाही. प्लास्टिकचं पिंपच घेतो. बोर्डोत चुना कमी पडलाय का हे बघायला विळा बुडवतात, त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा. तांबं विळ्यावर बसतं, म्हणजे लोखंड द्रावणात उतरतंच की.

मूळ प्रश्नकर्ती
दादा, अगदी बरोबर! एका घरी गंजका पत्र्याचा डबाच होता आणि ओल लागून मोरचुदाचा गठ्ठा झाला होता. त्या गटाच्या गाळणपत्रावर तांबूस कण होते, ते आम्हाला माती वाटले होते. दुसऱ्याकडे पोतं प्लास्टिकचं होतं, म्हणजे तिथे लोह आधीपासूनच असावं. अमोनियाची परीक्षा केली, दोन्हींत साका आला. आता लोह काढायचं कसं?

प्रतिसाद १
औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड गरम द्रावणात थोडं थोडं घाला आणि जास्तीचं निघून जाईपर्यंत उकळा. फेरस लोहाचं फेरिक होईल. फेरिक लोह सामू (pH) ३ ते ४ च्या आसपास हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं, तांब्याला त्याहून जास्त सामू लागतो. सगळं काम या फरकावर आहे. सामू वाढवायला सोडा थेट टाकू नका, त्यातलं सोडियम द्रावणात राहील. चांगल्या मोरचुदाच्या द्रावणात धुण्याचा सोडा घालून जो हिरवट-निळा कॉपर कार्बोनेटचा साका येतो, तो गाळून खूप पाण्याने धुवा आणि तोच चिमटीचिमटीने गरम द्रावणात ढवळत टाका. तपकिरी गाळ बसला की गाळून घ्या, मग आम्लाचे थेंब घालून नेहमीसारखे स्फटिक काढा. पेरॉक्साइड आणि अमोनिया तुम्ही स्वतः हाताळा, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना चष्मे द्या.

मोठे खडे हवे असतील तर भांडं नळाखाली धरू नका, त्याने भुगा होतो. १०० ग्रॅम पाण्यात ८० अंशाला सुमारे ८४ ग्रॅम मोरचूद मावतो, ४० अंशाला ४५ आणि २० अंशाला ३२. म्हणजे सांगलीच्या एप्रिलपेक्षा डिसेंबरच्या रात्री तेवढ्याच द्रावणातून जास्त स्फटिक मिळतील.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. सोमवारी आधी विळ्याचाच प्रयोग वर्गात करते, मग पेरॉक्साइड. एकच राहिलं: उरलेलं निळं पाणी मोरीत ओतायचं नाही, आमचं सांडपाणी ओढ्याला जातं आणि तांबं माशांना मारक आहे. चुना घालून तांबं खाली बसवलं, तर तो साका कुठे ठेवावा?