गोळी, घास आणि घड्याळ : पार्किन्सन्सचे अनुभव

सुरुवात मीच करते. बाबांची लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, सकाळची गोळी मी कपभर दुधाबरोबर द्यायचे. रिकाम्या पोटी औषध नको, हे डोक्यात पक्कं बसलेलं! दोन तास उलटले तरी बाबा शर्टाच्या दुसऱ्या बटणाशीच झटापट करत असायचे. वाटलं, आजार वाढला. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?" लेव्होडोपा हे मुळात अमिनो आम्ल. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ते ज्या वाटेने जातं, त्याच वाटेवर दूध, अंडी, डाळींमधल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही असतात. गर्दीत गोळी मागे पडते. आता खाण्याआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर. बटणं लागतात. तुमच्याकडे काय घडलं? किरकोळ वाटलं तरी लिहा.

*

मी स्वतः शुभार्थी, म्हणजे आजार माझाच. प्रथिनं आडवी येतात हे कळल्यावर मी ती जवळपास बंदच केली. अतिशहाणपणा! वजन उतरलं, खुर्चीतून उठताना मांड्या लटपटू लागल्या. आहारतज्ज्ञ बाई चांगल्याच रागावल्या. प्रथिनं तोडायची नाहीत, वेळ बदलायची. आता दिवसा थोडी, बाकीची रात्रीच्या जेवणात. दिवस मोकळा जातो, रात्री कूस बदलायला जड जातं. तेवढं मी चालवून घेतो.

*

ताई, सगळ्यांनाच हे लागू होतं असं नाही हं. यांना पहिली काही वर्षं जेवणाने काडीचा फरक पडत नव्हता. उलट रिकाम्या पोटी मळमळायचं, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन कोरडी बिस्किटं द्यायचे. पुढे ते मध्येच 'ऑफ' व्हायला लागले, म्हणजे गोळीचा असर उतरून हालचाल अडायला लागली, तेव्हा कुठे घड्याळ आलं.

*

आईचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. मी ती डबीच्या त्याच कप्प्यात टाकत होतो. लोह लेव्होडोपाला पोटातच बांधून ठेवतं, हे औषधविक्रेत्याने चिठ्ठी बघून सांगितलं. आता दोन्हींत किमान दोन तास सोडतो. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, वेष्टन वाचा.

*

आमचा घोळ खाण्याचा नव्हता, पण सांगते. सासऱ्यांना उलट्या झाल्या म्हणून कुणीतरी मेटोक्लोप्रमाइड दिलं. माणूस लाकडासारखा ताठ! लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामिन बनतं, त्यालाच हे औषध अडवतं. आता त्यांच्या पाकिटात चिठ्ठी असते : 'पार्किन्सन्स आहे, उलटीचं औषध विचारून द्या.' रासाजिलिन हे पार्किन्सन्सचंच दुसरं औषध चालू असेल तर खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही चालत नाही. आमच्या यादीत तेही आहे.

*

पोट साफ नसलं की माझी गोळी उशिरा चढते. वर्षभर मी प्रथिनांच्या नावाने बोटं मोडत होतो.