मदत हवी आहे: ॲस्पिरिन चालू असलेल्या ज्येष्ठांचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) किती दिवसांनी तपासता?

सत्तरीपुढच्या, रोज ७५ मिग्रॅ ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांसाठी रक्ततपासणीचं वेळापत्रक ठरवायचं आहे. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या ‘ॲस्प्री’ चाचणीत (२०२३चे निष्कर्ष) रोज १०० मिग्रॅ घेणाऱ्यांमध्ये ॲनिमियाचा धोका सुमारे २० टक्के जास्त निघाला, फेरिटिनही जास्त घसरलं. शी काळी होत नाही, पोट दुखत नाही, तरी आतड्यातून थोडंथोडं रक्त जात राहू शकतं. हिमोग्लोबिन उतरेपर्यंत लोहाचा साठा संपलेला असतो.

खरी अडचण रिपोर्ट वाचताना येते. संधिवात किंवा जंतुसंसर्ग असला की फेरिटिन फसवं वर दिसतं. बी-१२ सुद्धा कमी असेल, आणि शाकाहारी ज्येष्ठांत ते बरेचदा असतं, तर एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल येऊन लोहाची कमतरता झाकली जाते. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते), बी-१२ एकदमच करावं असं माझं मत. सोबत दिलेलं पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) जठर सांभाळतं, लहान आतडं नाही. वर लोहाचं शोषणही घटवतं.

तुम्ही सीबीसी सहा महिन्यांनी करता की वर्षाने? फेरिटिन ४० आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) वाढलेलं असेल तर आधी लोह की आधी एन्डोस्कोपी? स्टेंटवाल्यांची ॲस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही, हे धरूनच सांगा.