पहिल्या वर्षाला सत्तर हजारांचा लॅपटॉप कशाला?

जुना_कोथरूडकर :
काल इथे एका सद्गृहस्थांनी 'इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप' अशी लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच : ॲडमिशन झाली की लगेच घ्या, सत्तर हजारांच्या खाली बघूच नका, आरटीएक्सचं (एनव्हिडिया कंपनीचं महागडं) ग्राफिक्स कार्ड हवंच, आणि पैसे कमी पडले तर नो कॉस्ट ईएमआय आहेच. खाली 'खूप उपयुक्त माहिती सर' म्हणणाऱ्यांची रांग. ती वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

एक तर घाई कसली? कॅपचे (सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे) राउंड संपेपर्यंत पोरगं मेकॅनिकलला जाणार की आयटीला हेच ठरलेलं नसतं. पहिल्या सेमिस्टरला गणित, फिजिक्स नाहीतर केमिस्ट्री, ड्रॉइंगच्या शीटा आणि वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंड घासणं. प्रोग्रामिंग म्हणजे सी किंवा पायथनचे दोन पानी प्रोग्रॅम, ते कुठल्याही डबड्यावर पळतात.

दुसरं, नवाच कशाला? मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असले ऑफिसचे लॅपटॉप घाऊकमध्ये काढून टाकतात. तेच आपल्याकडे पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण नीट करून विकायला ठेवलेले, म्हणून येतात. माझ्या भाचीला गेल्या वर्षी २६ हजारांत घेऊन दिला. आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी. मजेत चाललंय.

फक्त प्रोसेसरची जनरेशन (पिढी) बघा. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा ८२५० असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी. आठवीच्या खाली विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. दुकानदार 'आय-सेव्हन आहे साहेब' म्हणत सहावी जनरेशन गळ्यात मारतात, तिथे भुलू नका.

आणि नो कॉस्ट ईएमआयला कॉस्ट असते. व्याज लावतात, तेवढी सूट आधी दाखवतात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी आपल्याकडून. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच या शून्य टक्के प्रकाराला हरकत घेतली होती. नाव बदलून तेच चालू आहे.

मेकॅनिकलचा_बाप :
ती पोस्ट माझीच. सद्गृहस्थ म्हटल्याबद्दल आभार.

तुमची भाची कुठल्या शाखेला आहे ते सोयीस्करपणे सांगितलं नाहीत. माझा मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे. सॉलिडवर्क्समध्ये (यंत्रांचं थ्री-डी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) बरेच भाग जोडलेली असेंब्ली उघडली की तुमचा २६ हजारांचा थिंकपॅड पंखा फिरवत बसेल आणि पोरगं त्याच्याकडे बघत बसेल. सीएडीला, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायला, ग्राफिक्स कार्ड लागतं. मी चार पैसे जास्त घातले ते हौस म्हणून नाही.

जुना_कोथरूडकर :
भाची कॉम्प्युटरला. आणि तुमचा मुलगा *तिसऱ्या* वर्षाला आहे. पहिल्या वर्षी त्या ग्राफिक्स कार्डावर काय चाललं होतं ते त्यालाच एकदा शांतपणे विचारा.

हॉस्टेल_रूम_२०४ :
काका मी सांगतो. व्हॅलोरंट.

मेकॅनिकलचा_बाप :
कोण रे तू?

हॉस्टेल_रूम_२०४ :
तुमचा मुलगा नाही, काळजी नको 😂 पण आमच्या मजल्यावर गेमिंग लॅपटॉपवाले सगळेच 'घरी सीएडी सांगितलंय' गटातले आहेत. अडीच किलोचं धूड, वर विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी दोन लेक्चर टिकत नाही. वर्गात प्लगच्या शेजारची जागा पकडायला आठ वाजता जातात बिचारे.

वऱ्हाडी_ठसका :
काऊन हो काका, पुसदले कोनती तापकीर गल्ली आहे? तुमचं पुन्यातल्या लोकायचं बरं असते, बिघडला का रिक्षा केली अन् दुकानात.

माह्या पुतन्यानं असाच जुना कंपनीचा लॅपटॉप घेतला होता. दुकानातून आनला तेव्हा टकाटक. पोरानं विंडोज रिसेट मारली, वायफाय लावलं, तं स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव अन् 'ऑफिसचा ईमेल टाका' म्हनते. आता त्या कंपनीत हा कुठं नोकरीले होता? दुकानवाला फोनच उचलत नाही. नवा घेतला असता तं कंपनीचा मानूस घरी येऊन दुरुस्त करून गेला असता. वॉरंटीचे पैसे तुमी हिशोबात धरतच नाही.

जुना_कोथरूडकर :
हे मात्र खरं होतं. कंपनीने आपल्या सिस्टिममधून यंत्र काढलंच नसेल तर असं लॉक बसतं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच विंडोज रिसेट करायला लावा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि सेटअप शेवटपर्यंत जाऊ द्या. अर्धा तास जातो. दुकानदार कुरकुरला तर समजा काहीतरी लपवतोय. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारं मूळ सेटिंग) पासवर्ड नाही ना, तेही तिथेच बघा. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता ताडून घ्या.

पुसदच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही, मान्य.

वऱ्हाडी_ठसका :
वा! पुनेकरानं मान्य केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सोल्डरिंगवाला :
मी हार्डवेअरमध्ये आहे. दोघांचंही थोडं चुकतंय. 'आधी ८ जीबीचा घ्या, नंतर रॅम वाढवू' हा आपला सगळ्यांचा आवडता सल्ला आता मोडीत काढा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळतोय. शिवाय बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवायची सोयच नाही. आधीच १६ असलेला जुना मिळाला तर तो उचला, हे कोथरूडकरांचं बरोबर.

आणि विंडोज ऐवजी उबंटू किंवा डॉसवर मिळणारं मॉडेल घेऊन 'कुणाकडून तरी' विंडोज टाकून घेणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. महिन्याभरात व्हायरस घेऊन माझ्याकडेच येता.

सिव्हिल_बजेट_३० :
दादा माझी बहीण सिव्हिलला आहे, बजेट तीस हजार, काय घेऊ?

बारामतीची_मीनल :
लॅपटॉप घ्या, रॅम घ्या, सगळं खरं. पण मग जर्नल (प्रॅक्टिकलची फाइल) हाताने का लिहायला लावता? माझ्या भावाने पायथनचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर केला, चालवला. मग तोच प्रोग्रॅम रेघांच्या कागदावर निळ्या पेनाने उतरवला, आउटपुटसकट. आउटपुट म्हणजे काळ्या स्क्रीनवर येतात त्या ओळी, त्या पट्टीने चौकोन आखून आत लिहायच्या! मॅडमनी एका पानावर खाडाखोड आहे म्हणून परत लिहायला दिलं. साठ हजारांचं यंत्र शेजारी आणि पोराच्या बोटाला घट्टा.

हॉस्टेल_रूम_२०४ :
ताई पायांना हात. आमच्या लॅबला अजून टर्बो सी हे जुनाट सॉफ्टवेअर आहे. निळी स्क्रीन. माझ्या बाबांनीही त्यावरच केलं होतं.

नवाच_आलोय :
आमच्याकडे तीसपैकी अर्धे पीसी चालू. नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणारी) कमिटी आली त्या आठवड्यात सगळे चालू होते, एसीसुद्धा. कमिटी गेली, एसीचा रिमोटही गेला.

तासिका_तत्त्व :
मी अशाच एका कॉलेजात शिकवतो. आयडीवरून कसा शिकवतो ते कळलं असेल, तासाप्रमाणे पैसे. एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) येतो तेव्हा तो कोड बघत नाही, फाइल उघडून इंडेक्सवर सह्या पूर्ण आहेत का ते बघतो. प्रिंटआउट चालवली तर अख्खा वर्ग एकाच झेरॉक्सवाल्याकडून एकच फाइल घेऊन येतो, वरचं नावसुद्धा न बदलता. हाताने लिहिताना निदान एकदा तरी डोळ्यांखालून जातं. लॅब असिस्टंटची जागा किती वर्षं रिकामी आहे ते मॅनेजमेंटला विचारा, आम्हाला नको. पीसीत रॅम आम्हीच खोचतो.

बारामतीची_मीनल :
सर, मुलं कॉपी करतात म्हणून सगळ्यांना शिक्षा? तोंडी परीक्षा घ्या ना नीट.

तासिका_तत्त्व :
घेतो. एका बॅचला मला किती मिनिटं मिळतात ते येऊन बघा आणि मग शिकवा. घरी बसून सल्ले देणाऱ्यांना पगारही उशिरा मिळत नसेल.

बारामतीची_मीनल :
तुमच्या पगाराचा राग मुलांच्या बोटांवर काढू नका.

मेकॅनिकलचा_बाप :
हा धागा लॅपटॉपचा होता अशी माझी समजूत होती.

जुना_कोथरूडकर :
नाही हो, हे महत्त्वाचं आहे. लॅब नीट चालत असती तर पहिल्या वर्षी लॅपटॉप घ्यायचं निम्मं कारणच संपलं असतं. फीमध्ये लॅबचे पैसे आपण भरतो, वर घरून यंत्र आणतो. डबल बिलिंग आहे हे.

तासिका_तत्त्व :
या एका वाक्याला सही. बाकीच्याला नाही.

ठाण्याची_आई :
आमचं वेगळंच. मुलगी डिझाइनला, तिला मॅकबुक एअर घेतला. ओरडू नका, ऐकून घ्या. ॲपलचा विद्यार्थी दर बघितला होता. त्याहून दिवाळीत मोठ्या दुकानात बँक कार्डची सूट धरून स्वस्त पडला. म्हणजे विद्यार्थी ऑफर म्हटली की सगळ्यात स्वस्त असं काही नाही, दोन्हीकडे विचारा. एज्युकेशन लोनमध्येही लॅपटॉप बसतो, कोर्सला लागत असेल तर. बँकेच्या साहेबांनी आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा 'हो, कोटेशन आणा' म्हणाले.

मेकॅनिकलचा_बाप :
मॅकवर सॉलिडवर्क्स चालत नाही. सांगून ठेवतो.

ठाण्याची_आई :
डिझाइन म्हणजे कपड्यांचं हो. तुमचं सॉलिडवर्क्स तुमच्याकडेच असू दे.

सिव्हिल_बजेट_३० :
दादा सिव्हिल. तीस हजार. कोणी तरी 🙏

सोल्डरिंगवाला :
अरे हो, राहिलंच. पहिली दोन वर्षं ऑटोकॅडवर टू-डी ड्रॉइंग. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना वर्षाचं लायसन्स फुकट देते, कॉलेजचा पुरावा देऊन दरवर्षी वाढवता येतं. चोरीचं टाकू नका. रेव्हिट (इमारतींचं थ्री-डी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) पुढे लागेल, तेव्हा रॅम जास्त आणि मोठी स्क्रीन कामाची. म्हणून १४ ऐवजी १५.६ इंची लॅटिट्यूड बघा, १६ जीबी, दहावी जनरेशन मिळाली तर उत्तम. कॉलेजच्या मेल आयडीवर ऑनलाइन ऑफिस फुकट मिळतं का ते आधी विचारा, नाहीतर लिबरऑफिस आहेच. दुकानदार ऑफिसचे वेगळे पैसे लावेल, ते द्यायचे नाहीत.

मेकॅनिकलचा_बाप :
सिव्हिलला चालेल. *सिव्हिलला* म्हणतोय मी. मेकॅनिकलचं माझं म्हणणं कायम आहे. फार तर पहिल्या वर्षी थांबायला हरकत नाही एवढं म्हणेन. पोस्टमध्ये मात्र बदल करणार नाही.

जुना_कोथरूडकर :
नका करू. खाली 'उपयुक्त माहिती सर' म्हणणाऱ्यांचा हिरमोड होईल.

सिव्हिलवाल्या, बिजागरी उघडझाप करून बघ. झाकण सैल असेल तर घेऊ नकोस, ते तुटलं की स्क्रीनची वायरही जाते. सगळी बटणं दाबून बघ, चार्जर मूळचा आहे का बघ. पक्कं बिल घे आणि त्यावर सिरियल नंबर आणि दुकानाची वॉरंटी लिहून घे. तोंडी 'सहा महिने आपली गॅरंटी' म्हणजे काही नाही.

वऱ्हाडी_ठसका :
अन् बिल देत नसन तं उठून चालू लाग बापा. आमच्या पुतन्याले तेच नडलं.

सिव्हिल_बजेट_३० :
थँक्यू सगळ्यांना. शनिवारी जातो. बाबांना बरोबर नेतोय, भाव तेच करतील.