मदत हवी आहे: डार्क माइल्ड बिअर पाणचट होतेय, यीस्ट बदलू की मॅशचं तापमान?

घरी धान्यापासून 10 लिटर डार्क माइल्ड (कमी अल्कोहोलची गडद इंग्लिश बिअर) करतोय. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य; त्यात पेल माल्ट, क्रिस्टल माल्ट, थोडा चॉकलेट माल्ट (गडद भाजलेला). सुरुवातीची ग्रॅव्हिटी (घनता; साखर आंबली की उतरते) 1.035. ती 1.012 ला थांबून अल्कोहोल 3 टक्क्यांच्या आसपास राहायला हवं, पण 1.006 पर्यंत उतरते. रंग सुरेख, भाजक्या माल्टचा वासही छान, घोट मात्र पाणचट.

यीस्टला न खाता येणारी साखर जास्त उरावी म्हणून मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) 66 वरून 69 अंशांवर नेला, पातेलं गोधडीत गुंडाळलं; तासाभरात जेमतेम एक अंश उतरतो. थर्मामीटर उकळत्या पाण्यात 98 दाखवतो, पुण्याच्या उंचीवर तेवढंच हवं. ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटरही तपासलाय. वेगळा फ्रिज नाही, आंबताना टबात बर्फाच्या बाटल्या ठेवून 21 अंश सांभाळतो. यीस्ट कोरडं, इंग्लिश एलचं. दाटपणासाठी लॅक्टोज (दुधातली साखर) नको, घरात दूध पचत नाही.

विंडसर हे कोरडं यीस्ट माल्टोट्रायोज (माल्टमधली एक साखर) खात नाही, म्हणून ते घेऊ, की आधी मॅश 71 ला करून पाहू?