शॉकनंतर आधी फुफ्फुसंच का बिघडतात? आतड्याच्या लिम्फबद्दल प्रश्न

सर्जरी_रेसिडेंट:
रक्तस्रावाच्या शॉकमधून पेशंट वर येतो, रक्तदाब सावरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन घसरायला लागतो. छातीला मार नाही, न्यूमोनिया नाही, तरी एआरडीएस (फुफ्फुसात पाणी भरून ऑक्सिजन घसरण्याचा गंभीर आजार). आम्हाला शिकवलं जातं की आतड्यातले जंतू पोर्टल रक्तातून, म्हणजे आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातून, शरीरभर पसरतात. तसं असेल तर पहिला फटका यकृताला बसायला हवा ना? मेसेंटरिक लिम्फचा सिद्धांत, म्हणजे आतड्यातलं विष रक्तातून नव्हे तर लिम्फमधून (ऊतींतून परतणाऱ्या द्रवातून) फुफ्फुसाकडे जातं हे म्हणणं, कितपत पक्का आहे? आणि थिसिससाठी रॅटमध्ये हे लिम्फ गोळा करायचं ठरवलं तर नेमकं कुठे चुकतं?

शरीरक्रिया_शिक्षक:
तुमच्या शंकेतच अर्धं उत्तर आहे. आतड्यातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. पोर्टल रक्त थेट यकृतात जातं, तिथे कुप्फर पेशी (यकृतातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी) ते गाळून घेतात. लिम्फ मात्र यकृताला वळसा घालून थोरॅसिक डक्टमधून (छातीतल्या मुख्य लिम्फ नळीतून) मानेच्या डाव्या बाजूला शिरेत उतरतं. तिथून हृदयाची उजवी बाजू, आणि लगेच फुफ्फुस. म्हणजे आतड्याच्या लिम्फला भेटणारं केशवाहिन्यांचं पहिलं मोठं जाळं फुफ्फुसाचंच.

जंतूंची गोष्ट १९९१ मध्येच अडखळली. डेन्व्हरला फ्रेडरिक मूर यांच्या गटाने गंभीर जखमी अशा २० जणांच्या पोर्टल शिरेत कॅथेटर ठेवून रक्त तपासलं. जंतू जवळपास मिळाले नाहीत, एंडोटॉक्सिनही (जंतूंच्या आवरणातलं विष) नाही, तरीही त्यातल्या काहींचे अवयव निकामी झालेच. मग १९९८ मध्ये न्यू जर्सीत एडविन डाइच यांच्या गटाने रॅटवर पोर्टल रक्त आणि लिम्फ यांची थेट तुलना केली. शॉकमधल्या प्राण्याचं लिम्फ एंडोथेलियल पेशींचा (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा) थर गळका करत होतं, पोर्टल रक्त तसं करत नव्हतं. मेसेंटरिक लिम्फ डक्ट आधीच बांधली तर शॉक तेवढाच देऊनही फुफ्फुस वाचत होतं. पुढे असं लिम्फ निरोगी प्राण्याच्या शिरेत सोडलं तर शॉकशिवायही फुफ्फुसाला इजा झाली. कारण काढलं की आजार जातो, कारण घातलं की आजार येतो. प्राण्यांपुरतं बोलायचं तर याहून भक्कम पुरावा क्वचित मिळतो.

लिम्फमध्ये जंतू नसतील तर विष कोणतं? एकच नाव देता येत नाही. शॉकमध्ये रक्त आतड्याकडून इतरत्र वळतं. व्हिलसमधली (आतड्याच्या अस्तरावरच्या बोटासारख्या उंचवट्यातली) धमनी आणि शीर इतक्या जवळून जातात की ऑक्सिजन टोकाला पोचण्याआधीच शिरेकडे निसटतो, म्हणून टोक आधी मरतं. वरचा म्यूकसचा थर झिजतो आणि पोकळीतली स्वादुपिंडाची प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी) एंझाइम भिंतीत घुसतात. प्रयोगात स्वादुपिंडाची नळी आधी बांधली, किंवा आतड्याच्या पोकळीत प्रोटिएज रोखणारं नाफामोस्टॅट दिलं, तर इजा कमी होते. लिम्फमध्ये अॅराकिडोनिक आम्ल, लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन, बदललेली प्रथिनं, एक्झोसोम (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) असं बरंच सापडलंय. ते न्यूट्रोफिलना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) चिथावून ठेवतं आणि हे चिथावलेले न्यूट्रोफिल फुफ्फुसात अडकून बसतात.

प्रयोगशाळा_टेबल:
लिम्फ गोळा करण्याबद्दल. नेहमीचं मॉडेल असं: पोटावर मधोमध सुमारे ५ सेंमी छेद, रक्त काढून सरासरी रक्तदाब ३० ते ३५ मिमी पाऱ्यावर ९० मिनिटं, मग काढलेलं रक्त परत. सोबत शॅम गट हवाच: तोच छेद, तीच नळी, फक्त रक्त काढायचं नाही.

डक्ट सुपीरिअर मेसेंटरिक धमनीला चिकटून जाते. उपाशी प्राण्यात ती ओल्या दोऱ्यासारखी पारदर्शक दिसते, नवख्या हाताला ती चरबीत सापडतच नाही. तासभर आधी १ मिली ऑलिव्ह तेल पाजलं की दुधाळ पांढरी उठून दिसते. टोक तिरकं कापलेली बारीक सिलिकॉन नळी आत सरकवायची आणि तोंडाशी सायनोअॅक्रिलेटचा, म्हणजे फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचा, एकच थेंब. दुसरा टाकला की तो डक्टमध्ये उतरतो आणि प्रवाह बंद. नळीचं बाहेरचं टोक प्राण्याच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर लिम्फ चढत नाही. बर्फावर धरा, सेंट्रिफ्यूज करून पेशी काढा, छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. दर तासाचं वेगळं ठेवा, एकत्र ओतू नका. रक्त परत दिल्यावर प्रवाह वाढतो आणि पहिल्या काही तासांतलं लिम्फ सर्वांत जहाल असतं.

आता सर्वांत मोठा सापळा: हेपॅरिन. रक्त गोठू नये म्हणून ते प्राण्याला दिलं जातं, पण ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं लिपोप्रोटीन लायपेज सुटं करतं आणि ते लिम्फमध्ये उतरतं. मग तुमच्या टेस्ट ट्यूबमध्येच ट्रायग्लिसराइड तुटून मुक्त मेदाम्लं तयार होतात आणि तीच पेशी मारतात. वाटतं शॉकचं विष सापडलं, प्रत्यक्षात ते ट्यूबमध्ये तयार झालेलं असतं. डाइच यांच्याच गटाने २०१२ मध्ये हे दाखवलं, म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. तेल पाजलेल्या प्राण्यात ट्रायग्लिसराइड भरपूर, म्हणून धोका दुप्पट. तेल फक्त हात बसवण्याच्या प्राण्यांवर वापरा. मुख्य गटात प्राणी उपाशी, काही नमुन्यांत लायपेज रोखणारं ऑर्लिस्टॅट, आणि हेपॅरिन दिलेला शॅम.

फुफ्फुसासाठी इव्हान्स ब्लू आणि मायलोपेरॉक्सिडेज दोन्ही करा. पहिलं गळती सांगतं, दुसरं न्यूट्रोफिल. आणि फॉर्म बी (प्राणीप्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) आधी भरा, प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हाती येईपर्यंत प्राणी मागवू नका.

सर्जरी_रेसिडेंट:
हेपॅरिनचं माहीतच नव्हतं, फार आभार. मग पेशंटमध्ये लॅपरोटॉमी (पोट उघडण्याची शस्त्रक्रिया) करतोच आहोत तर डक्ट बांधून का टाकत नाहीत?

आयसीयू_भूलतज्ज्ञ:
नको. रॅटमध्ये डक्ट शॉकच्या *आधी* बांधतात. तुमचा पेशंट टेबलावर येतो तेव्हा तासभर तरी उलटलेला असतो आणि लिम्फ वाहून गेलेलं असतं. शिवाय माणसात थोरॅसिक डक्टमधून दिवसाला दीड-दोन लिटर लिम्फ जातं. ते अडवलं तर कायलस (दुधाळ लिम्फची) गळती, आतड्याला सूज; बाहेर काढलं तर प्रथिनं आणि लिम्फोसाइट गेले. माणसांत याचा फायदा कुणी दाखवलेला नाही. १९९९ मध्ये अवयव निकामी झालेल्या पेशंटचं थोरॅसिक डक्टमधलं लिम्फ तपासलं, तेव्हाही जंतूंचा मोठा मार्ग तिथे दिसला नाही.

आपल्या हातात आहे ते आतडं रक्ताविना राहण्याचा वेळ कमी करणं. रक्तस्राव थांबेपर्यंत, डोक्याला मार नसेल तर, सिस्टोलिक ८० ते ९० पुरे. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवू नका, आतड्याची भिंत सुजते आणि लिम्फचा लोंढा वाढतो. रक्त आणि प्लाझ्मा लवकर. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत, पण पहिला डोस जखमेपासून ३ तासांच्या आत. क्रॅश-२ या मोठ्या चाचणीत त्यानंतर सुरू केल्यावर रक्तस्रावाने मृत्यू वाढले होते. प्रोटिएज रोखायला आतड्याच्या पोकळीत ट्रॅनेक्सॅमिक सोडणं अजून प्रयोगाच्या पातळीवरच आहे, ते वॉर्डात आणू नका.

नळीने अन्न देण्याची घाईही नको. न्यूट्रिरिया-२ या चाचणीत शॉकमधल्या २४१० पेशंटमध्ये लवकर पूर्ण कॅलरी पोटातून दिल्यावर आतड्याचा इस्केमिया (रक्तपुरवठा तुटणं) १९ जणांत, शिरेतून दिलेल्यांत ५ जणांत. व्हॅसोप्रेसरचा (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा) डोस चढता असेल तर थांबा. डोस स्थिर झाला, लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) उतरलं की तासाला १० ते २० मिलीने सुरू करा. पोट फुगलं, लॅक्टेट परत चढलं किंवा ६ तासांत ५०० मिलीपेक्षा जास्त अन्न नळीतून परत आलं तर फीड बंद करून आधी पोट तपासा.