संपूर्ण तुकडीला मिळणारा सन्मान वैयक्तिक पदकापेक्षा वेगळा कसा?

प्रश्न (दापोली): आमच्या गावातील सैनिकांची माहिती शाळेच्या प्रदर्शनासाठी संकलित करताना काहींच्या नोंदीत ‘युनिट सायटेशन’ असा उल्लेख आढळला. पदक नसलेल्या जवानाचा त्या सन्मानात वाटा असतो का?

उत्तर (मालवण): निश्चितच असतो. भारतीय लष्करात असे मानपत्र लष्करप्रमुख संपूर्ण पलटणीला देतात, तर लढाईतील कामगिरीसाठी ‘बॅटल ऑनर’ वेगळा दिला जातो. कारगिलनंतर १८ ग्रेनेडियर्स या पलटणीला टोलोलिंग व टायगर हिल या शिखरांच्या नावाचे असे बहुमान मिळाले. अमेरिकेत १९४२ पासूनच्या प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशनसाठी तुकडीचे शौर्य एका सैनिकाला मिळणाऱ्या डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस या उच्च शौर्यपदकाच्या तोडीचे असावे लागते.

उत्तर (अलिबाग): आपल्या किनाऱ्याजवळचे उदाहरण प्रदर्शनात अवश्य ठेवा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, आणि त्यांचा वारसा चालवणाऱ्या मुंबईतील २२व्या क्षेपणास्त्र नौका स्क्वॉड्रनला ८ डिसेंबर २०२१ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ‘प्रेसिडेंट्स स्टँडर्ड’ हे संपूर्ण तुकडीच्या सन्मानाचे निशाण प्रदान झाले. क्षेपणास्त्र डागणारा एक असला, तरी शत्रूच्या बंदरासमोर इंजिनकक्षात, रडारपुढे आणि सुकाणूवर उभ्या असलेल्या प्रत्येकाने तोच धोका पत्करलेला असतो. म्हणूनच मला हा सन्मान अधिक न्याय्य वाटतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आता पदक नसलेल्या जवानांच्या नावापुढेही त्यांच्या पलटणीचा बहुमान लिहू.