नागपूर तीनशे वर्षांचं की तीन हजार? पाहुण्याला काय सांगायचं?

बर्डीवाला
मागच्या आठवड्यात पुण्याहून साडू सहकुटुंब आले होते. तर्री पोहे झाले, दीक्षाभूमी झाली, झीरो माइलसमोर फोटो झाले. संध्याकाळी फुटाळ्यावर चहा पिता पिता साडू म्हणतात, "तुमच्याकडे जुनं असं काही नाहीच ना?" मी म्हटलं, हो, तसंच आहे. छिंदवाड्याकडच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्यानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नाग नदीकाठी शहर वसवलं. साडू नुसते हसले.

घरी आल्यावर बायको म्हणे, "वाकाटक, कालिदास काहून नाही सांगितले?" माझं मत असं की सांगूच नये. वाकाटक राजांची राजधानी अन् कालिदासाचं मेघदूत, दोन्ही रामटेककडचं, अन् रामटेक पन्नास किलोमीटरवर. तिथला इतिहास रामटेकचा. सेंट पीटर्सबर्ग १७०३ चं, म्हणजे आपल्याच वयाचं. तिथले लोक पाहुण्यासमोर मान खाली घालतात का? मग आपणच पणजोबांचं वय स्वतःला का लावायचं?

कामठीची ताई
साफ नामंजूर. साडूंना आधी विचारा, पुणं किती जुनं? ते लगेच राष्ट्रकूटांचे ताम्रपट काढतील, इसवी सन ७५८ आणि ७६८ चे. त्यात 'पुण्य विषय', 'पुनक' असे उल्लेख आहेत. बरं, मग वर्ध्याजवळच्या देवळीचा ताम्रपट कुठं ठेवायचा? शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४०. तोही राष्ट्रकूटांचाच, तिसऱ्या कृष्णाचा. त्यात 'नागपुर-नंदिवर्धन' हे शब्द सरळ आहेत. बख्त बुलंद शाहच्या साडेसातशे वर्षं आधी.

बर्डीवाला
ताई, तो विषय आहे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. त्या जोडनावातलं नागपुर म्हणजे आपलं महाल-इतवारी, हे ताम्रपटात कुठं लिहिलंय?

कामठीची ताई
'पुण्य' हाही विषयच होता, भाऊ. तिथं जिल्ह्याचं नाव शहराला चालतं, आणि इथं आलं की तुम्ही मोजपट्टी काढता!

आणि अजून एक. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. मुलगा लहान होता म्हणून कारभार तिनं हाती घेतला. तिनं नंदिवर्धनहून दिलेला एक दानाचा ताम्रपट सापडला कुठं? पुण्यात! अभ्यासक त्याला पुणे ताम्रपटच म्हणतात. साडूंना हे तरी सांगायचं होतं. नगरधनला अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाचं मातीचं मुद्रांकन निघालं, त्यावर शंख आहे. म्हणजे बाईच्या हातचा कागद पुण्यात अन् शिक्का आपल्याकडे.

महालकर
तुम्ही दोघं ताम्रपट घेऊन भांडा. आम्ही गांधीसागराच्या काठावर लहानाचे मोठे झालो. तोच शुक्रवारी तलाव, त्याआधीचा जुम्मा तलाव. बख्त बुलंद शाहचा मुलगा चांद सुलतान, त्यानं शहराला कोट बांधला आणि हा तलाव केला. पाहुणा रोज त्या पाण्याशेजारून रिक्षानं जातो, पण कुणी त्याला सांगत नाही.

जुनं, आणखी जुनं करत निघालं की मधले गोंड राजे गळतात, हे माझं दुखणं. लोकांच्या डोक्यात वाकाटक, मग एकदम रघुजी भोसले, मग १८१७ ची सीताबर्डीची लढाई, मग १८५४ ला इंग्रज. ज्यांनी शहर उभं केलं त्यांना कंसातही जागा नाही. त्यामुळे बर्डीवाल्यांचं १७०२ मला मान्य आहे, पण ते पडेल आवाजात का सांगता?

काटोल रोड
सगळे थांबा. जुनापाणीला किती जण गेलेत? गोरेवाड्याच्या पुढं, काटोल रोडनं. आमच्या घरून स्कूटरनं वीस मिनिटं.

काळ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, शेकड्यांनी. धोंडा साधारण गुडघ्याएवढा, अर्धा मातीत रुतलेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा कास्तकारानं बांध घातला असेल असंच वाटलं. मग चौथ्या-पाचव्या दगडाशी उकिडवा बसलो तर त्यावर वाटीसारखे खळगे, ओळीनं कोरलेले. अंगठा बरोबर बसतो. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची ही दफनं. विदर्भातली अशी वर्तुळं साधारण इसवी सनापूर्वी हजार ते तीनशे या काळातली धरतात. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये इथं खोदलं, त्याला युरोपातल्या खळग्यांच्या दगडांची आठवण झाली होती. माहूरझरीही इथून जवळच, तिथं तर मणी घडवायचे.

मी गेलो तेव्हा एका वर्तुळाच्या मध्यात बकऱ्या रवंथ करत होत्या. नागपूरची सगळ्यात जुनी वास्तू पाहायला आलेला मी एकटाच माणूस.

बर्डीवाला
दगड मान्य. पण स्मशान म्हणजे शहर नव्हे. उद्या कुणाच्या शेतात हाडं निघाली की तिथं महानगर होतं म्हणायचं का?

काटोल रोड
मेलेले लोक आभाळातून पडत नाहीत ना बाप्पा. बुटीबोरीकडचं टाकळघाट घ्या. खाप्याला वर्तुळं, टाकळघाटला वस्ती, दोन्ही नागपूर विद्यापीठाच्या लोकांनी खोदलं. कुही तालुक्यातलं अडम तर तटबंदी असलेलं गावच. शहर नसेल, मी तसं म्हणतही नाही. पण या मातीत माणूस १७०२ ला उतरला नाही.

कामठीची ताई
रोमचे लोक २१ एप्रिलला शहराचा वाढदिवस करतात, इसवी सनापूर्वी ७५३ ची दंतकथा धरून. तिथं आपले लोक रांगेत उभे राहून टाळ्या वाजवतात. इथं ताम्रपट दाखवला तरी "पुरावा काय?"

बर्डीवाला
दंतकथा आहे हे ते सांगतात तरी. आपल्याकडे पाटीवर छापलं की झालं.

गाडीवाला
पेंचच्या सवारी नेतो, रोजचं काम आहे. लोकांना वाघ पाहायचा असतो. 'किती जुनं' हे कुणी विचारत नाही, विचारतात 'दिसतं काय'. म्हणून मी मनसरला हायवे सोडून हिडिंबा टेकडीशी थांबतो. विटांचं मोठं काम उघडं केलेलं आहे. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर मंदिर तेच, असं उत्खनन करणारे म्हणतात, काहींना ते पटत नाही. मी दोन्ही सांगून टाकतो. लहान पोट्टे विटा मोजत बसतात, मोठे पायऱ्या पाहून "वर जायलाच पाहिजे का?" म्हणतात. चाळीस मिनिटं ठेवा, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत.

महालकर
आणि परतताना शुक्रवारी तलावावरून आणा. गाडी हळू घ्या.

बर्डीवाला
ताईंचा पुणे ताम्रपट साडूंना पाठवला. दोन निळ्या टिकल्या आल्या, उत्तर नाही. दिवाळीत परत येणार आहेत. काटोल रोड, जुनापाणीला तुमची स्कूटर नको, मी गाडी काढतो, पण रस्ता तुम्ही दाखवा. त्या खळग्यांत साडूंचा अंगठा बसतो का ते पाहायचं आहे.